शिदोरी बांधून दिलेलं फंक्शन

इडलीचं एक टिपण घेऊ, चार माणसांपुरतं. ‘३ वाट्या तांदूळ, १ वाटी उडीद डाळ, अर्धा चमचा मेथी. ८ तास भिजवा. वाटून रात्रभर आंबवा. इडलीपात्रात १२ मिनिटे वाफवा.’ दहा माणसं येणार असतील तर स्वयंपाकघरातलं माणूस कागद न घेता अडीचपट करतं: साडेसात वाट्या तांदूळ, अडीच वाट्या डाळ, सव्वा चमचा मेथी. आठ तास मात्र आठच राहतात. वीस तास भिजवायला सांगितलं तर डाळीला वास सुटेल.

हेच काम प्रोग्रामकडून करून घ्यायचं तर वाट पाठ असल्यासारखी ठरलेली आहे. रेगेक्सने (मजकुरात ठरावीक नमुना शोधायची खुणांची भाषा) ‘आकडा आणि त्यापुढचं एकक’ शोधायचं, आणि जिथे जिथे जुळेल तिथे बदलीत काय लिहायचं ते एका फंक्शनला विचारायचं. हे विचारायचं फंक्शन म्हणजे कॉलबॅक. पीएचपीत त्याला प्रेग_रिप्लेस_कॉलबॅक आहे, जावास्क्रिप्टात स्ट्रिंगचं रिप्लेस, पायथनात आरई मॉड्यूलमधलं सब. फंक्शनच्या हातात जुळलेला तुकडा येतो, त्याने उत्तर द्यायचं, ते उत्तर मजकुरात चिकटतं. इथवर सगळं सुरळीत.

पण कॉलबॅकला ‘अडीच’ हा आकडा सांगणार कोण?

जुळलेल्या तुकड्यात तो नाही. तुकड्यात आहे ‘३ वाट्या’. पट तुमच्याकडे आहे, आणि फंक्शनला हाक तुम्ही मारत नाही. हाक मारतं रेगेक्सचं इंजिन. इंजिनाला तुमची पट ठाऊक नाही आणि ती विचारायची त्याला गरजही नाही. कॉलबॅकच्या कंसात काय येणार हे हाक मारणारा ठरवतो, फंक्शन लिहिणारा नाही. ही एक गोष्ट डोक्यात बसली नाही की पुढच्या सगळ्या चुका रांगेने येतात.

पहिली चूक जवळजवळ सगळेच करतात. दुसऱ्या जागी फंक्शनचं नाव द्यायचं असतं, तिथे ‘वाढव($पट)’ असं लिहिलं जातं. (पीएचपीत, पायथनात आणि जावास्क्रिप्टात व्हेरिएबलचं नाव देवनागरीत चालतं, म्हणून इथली नावं मराठीतच ठेवली आहेत.) कंस लावला म्हणजे फंक्शन तिथल्या तिथे चालून मोकळं झालं. इंजिनाच्या हाती फंक्शन गेलंच नाही, त्याचं उत्तर गेलं. पीएचपी ८ यावर ‘दुसरा आर्ग्युमेंट वैध कॉलबॅक नाही’ अशा अर्थाची टाइपएरर फेकतं, ते बरं. पायथन कधीकधी गप्प बसतं, कारण तिथे फंक्शनच्या जागी साधी स्ट्रिंगही चालते; मग प्रत्येक जुळणीच्या जागी तीच एक स्ट्रिंग छापून येते. गंमत अशी की ‘वाढव($पट)’ हीच ओळ अगदी बरोबरही ठरू शकते. त्यासाठी ‘वाढव’ने आकडा किंवा मजकूर नाही, तर नवं फंक्शनच परत द्यायला हवं: पट आत सांभाळून ठेवलेलं, जुळणीची वाट पाहणारं फंक्शन.

यालाच क्लोजर म्हणतात. घरातून निघताना फंक्शनला शिदोरी बांधून द्यायची. वाटेत त्याला कोणी काही देणार नाही, पण गाठोड्यात जे आहे ते त्याचंच.

पीएचपीत ही सोय २००९ साली ५.३ आवृत्तीत आली. लिहायची रीत अशी: ‘फंक्शन ($जुळणी) यूज ($पट)’ आणि पुढे महिरपी कंसात काम. गोल कंसातलं इंजिन देतं, ‘यूज’मधलं तुम्ही देता. ७.४ पासून, म्हणजे २०१९ पासून, ‘एफएन’ने सुरू होणारं बाणाचं छोटं रूपही आहे. त्यात ‘यूज’ लिहावं लागत नाही. बाहेरचं जे व्हेरिएबल आत वापराल ते आपसूक बांधलं जातं. एका ओळीच्या कामाला तेच घ्यावं. आतल्या कामात दोनचार ‘इफ’ असतील तर जुनं लांब रूप बरं, कारण बाणात एकच एक्स्प्रेशन मावतं.

५.३ च्या आधी लोक काय करत होते, हे जुना कोड हाती आला की कळतं. एक वाट होती पॅटर्नच्या, म्हणजे रेगेक्सच्या नमुन्याच्या, शेवटी ‘ई’ मॉडिफायर (रेगेक्सचं वागणं बदलणारं अक्षर) लावायची: बदलीची स्ट्रिंग हाच पीएचपी कोड समजून चालवायची. मजकूर बाहेरून येत असेल तर ही घराची किल्ली दाराबाहेर टांगण्यातली गत. २०१३ साली ५.५ मध्ये ती नापसंत ठरली, २०१५ साली ७.० मध्ये काढून टाकली. दुसरी वाट क्रिएट_फंक्शन: पॅरामीटर आणि कोड दोन्ही स्ट्रिंगमध्ये द्यायचे, आणि आपली पट त्या स्ट्रिंगमध्ये चिकटवायची. अवतरणचिन्ह असलेली किंमत आली की कोड मोडायचा. शिवाय दर हाकेला एक नवं फंक्शन मेमरीत राहायचं, लूपमध्ये वापरलं की स्क्रिप्ट संपेपर्यंत ढीग. ७.२ मध्ये तेही नापसंत झालं आणि ८.० मध्ये गेलं. असा कोड नव्या सर्व्हरवर नेताना या दोघांच्या जागी क्लोजर ठेवणं हे बहुतेक वेळा ओळीला ओळ बदलण्याचं काम आहे.

तिसरी वाट ग्लोबल, म्हणजे सगळ्या फंक्शनांना दिसणाऱ्या, व्हेरिएबलची, आणि ती अजून जिवंत आहे. चालते, म्हणूनच फसवते. इडलीच्या टिपणात ‘सोबत चटणी’ असं लिहिलेलं असेल आणि कॉलबॅकने चटणीचं टिपण आणून त्यालाही वेगळ्या पटीने वाढवायचं ठरवलं, की आतल्या हाकेने ग्लोबल पट बदलली. बाहेर परत आल्यावर उरलेली इडली चटणीच्या पटीने वाढते. तांदूळ बरोबर, मेथी चूक. आणि चूक फक्त चटणी असलेल्या टिपणात. असला घोळ शोधायला दुपार जाते.

आता शिदोरी कधी बांधली जाते, याकडे बघायला हवं. इथे भाषा एकमेकींपासून फुटतात.

पीएचपीचं ‘यूज’ क्लोजर तयार होतानाच किमतीची प्रत काढतं. पट २.५ असताना फंक्शन बनवलं, मग पट ५ केली, मग मजकुरावर चालवलं, तर उत्तर अडीचपटीचंच. बांधलेल्या भाकऱ्या घरी नंतर लाटलेल्या भाकऱ्यांमुळे वाढत नाहीत. (शिदोरीत ऑब्जेक्ट ठेवला असेल तर मात्र प्रत त्याच्या हँडलची, म्हणजे नुसत्या पत्त्याची, निघते, ऑब्जेक्टच्या पोटातले बदल आत दिसतात.) जावास्क्रिप्ट आणि पायथन किंमत बांधून देत नाहीत, व्हेरिएबलच धरून ठेवतात. म्हणजे शिदोरी नाही, घराची किल्ली. हाक येईल तेव्हा फंक्शन घरी जाऊन डबा उघडतं, आणि त्या क्षणी डब्यात जे असेल ते घेतं. त्यामुळे तिथे उत्तर पाचपटीचं.

याचा चटका लूपमध्ये बसतो. पायथनात ४, १० आणि २५ माणसांसाठी तीन लॅम्डा (एका ओळीतली बिननावाची फंक्शनं) बनवून यादीत ठेवले आणि लूप संपल्यावर वापरले, तर तिन्ही पंचवीस माणसांचं टिपण देतात, कारण तिघांकडे एकाच डब्याची किल्ली आहे. लूपच्या आतच लगेच ‘सब’ चालवलं तर हे होत नाही, म्हणून चूक कित्येक दिवस झाकून राहते. उपाय जुना आणि दिसायला थोडा ओबडधोबड: ‘लॅम्डा जु, पट=पट’. डिफॉल्ट किंमत फंक्शन बनतानाच ठरते, म्हणून ही खरी शिदोरी. जावास्क्रिप्टात लूपचं व्हेरिएबल ‘व्हार’ऐवजी ‘लेट’ने घोषित केलं की प्रत्येक फेरीला नवा डबा मिळतो, ही सोय २०१५ पासून आहे.

पण पायथनातली ही डिफॉल्टची युक्ती जावास्क्रिप्टात उचलून नेऊ नका. पायथन आणि पीएचपी कॉलबॅकला नेमकी एकच गोष्ट देतात, त्यामुळे दुसरी जागा रिकामीच असते. जावास्क्रिप्टचं रिप्लेस मात्र हात भरून देतं: पूर्ण जुळणी, मग एकेक ग्रुप (पॅटर्नमधल्या कंसाने पकडलेला तुकडा), मग जुळणी कितव्या स्थानावर सुरू झाली तो आकडा, मग मूळ स्ट्रिंग, आणि नावाचे ग्रुप असतील तर शेवटी त्यांचा ऑब्जेक्ट. दुसऱ्या जागी ‘पट = २.५’ लिहून ठेवलंत तर तिथे पहिला ग्रुप येऊन बसेल, आणि डिफॉल्ट तेव्हाच लागेल जेव्हा तो ग्रुप जुळलाच नसेल.

हात भरून देण्याचा सगळ्यात सुरेख गोंधळ पार्सइंटचा, म्हणजे मजकुरातून पूर्णांक काढणाऱ्या तयार फंक्शनचा. इंग्रजी अंकांत ‘१० २० ३०’ असा मजकूर आहे. अंकांचा पॅटर्न, ग्रुप नाही, आणि कॉलबॅक म्हणून थेट पार्सइंट दिलं. उत्तर येतं ‘१० ६ १८’. इंजिनाने काही खोडी केलेली नाही. पार्सइंटला दुसरा पॅरामीटर लागतो तो पायाचा: दशमान, द्विमान वगैरे. रिप्लेसने दुसऱ्या जागी दिलं स्थान. पहिल्या दहाचं स्थान ०, आणि पार्सइंट शून्याला दहाच समजतं, म्हणून १० बरोबर. वीसचं स्थान ३, तिनाच्या पायावर ‘२०’ म्हणजे ६. तीसचं स्थान ६, सहाच्या पायावर ‘३०’ म्हणजे १८. न मागितलेला पॅरामीटर असा बिनबोभाट आत शिरतो. उपाय एवढाच की तयार फंक्शन उघडंनागडं देऊ नये. एका बाणात गुंडाळून, हवं तेवढंच पुढे द्यावं.

त्याच कारणाने जावास्क्रिप्टात ग्रुप मोजून जागा ठरवणं धोक्याचं. आज दोन ग्रुप आहेत म्हणून चौथी जागा स्थानाची. उद्या कोणी पॅटर्नमध्ये एक कंस वाढवला की स्थान पाचव्या जागी सरकलं, आणि चौथ्या जागेत ‘बारीक चिरलेला’ आला. नावाचे ग्रुप २०१८ पासून भाषेत आहेत, ते वापरावेत. ज्या कंसातलं काही नको असेल तिथे ‘प्रश्नचिन्ह-कोलन’वाला न पकडणारा कंस घालावा.

अर्धवट भरलेलं फंक्शन ही आणखी एक वाट. पायथनात फंक्टूल्समधलं पार्शल, जावास्क्रिप्टात बाइंड. दोन्ही आधी दिलेल्या किमती डावीकडून भरतात, आणि इंजिनाची जुळणी त्यानंतर येते. ‘वाढव(जुळणी, पट)’ असं फंक्शन लिहून ‘पार्शल(वाढव, २.५)’ केलं की २.५ जुळणीच्या जागी बसतो, आणि ‘फ्लोट ऑब्जेक्टला ग्रुप नाही’ अशी तक्रार येते. ही तक्रार दिसली की दुसरं काही शोधू नये. क्रम उलटा आहे. पायथनात ‘पट=२.५’ असं नावाने भरता येतं. बाइंडला नाव कळत नाही, तिथे फंक्शनच ‘(पट, जुळणी)’ या क्रमाने लिहावं लागतं.

इथवर पट हा एकच जास्तीचा पॅरामीटर होता. टिपण नीट वाचलं की कळतं, एकाने भागत नाही. ‘तास’ आणि ‘मिनिटे’ वाढवायचे नाहीत, म्हणून कोणती एककं वाढतात त्यांची यादी हवी. ‘१ वाटी’ची ‘अडीच वाट्या’ होते, ‘अर्धा चमचा’चा ‘सव्वा चमचा’ होतो, म्हणून एकवचन-अनेकवचनाच्या जोड्या हव्यात; दोनापेक्षा कमी असेल तर एकवचन, हा नियम दीड वाटीलाही पुरतो. ‘७.५ वाट्या’ असं मराठीत कोणी म्हणत नाही, म्हणून पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, साडे, पावणे यांचा तक्ता हवा; तोही दोन बाजूंनी, वाचायला एक आणि लिहायला एक. आणि अर्धा चमचा पण अर्धी वाटी, हे लिंगाचं लोढणं वेगळंच. ‘यूज’च्या कंसात पाच नावं झाली की तिथे थांबावं आणि क्लास लिहावा. पट आणि तक्ते कन्स्ट्रक्टरमध्ये घ्यायचे, आणि दोन अंडरस्कोअरवालं ‘इन्व्होक’ नावाचं मेथड लिहायचं. मग तो ऑब्जेक्टच कॉलबॅक म्हणून देता येतो. पायथनात तेच नाव ‘कॉल’. ऑब्जेक्टला प्रॉपर्टी असतात, त्या बाहेरून बघता येतात, हा क्लोजरवरचा त्याचा खरा फायदा. शिदोरीच्या गाठोड्याला खिडकी नसते.

उलट दिशेची गरजही असते: कॉलबॅकने बाहेर काही सांगायचं. किती जिन्नस वाढवले, कोणतं एकक ओळखता आलं नाही. पीएचपीत इथे हमखास अडखळतात. ‘यूज ($क्रम)’ करून आत एकाने वाढवलं, आणि प्रत्येक जिन्नसासमोर १ च छापला गेला. प्रत होती ती. दर हाकेला मूळ बांधलेल्या किमतीपासून सुरुवात. ‘यूज’मध्ये नावाआधी अँपरसँड लावला की प्रतीऐवजी मूळ व्हेरिएबल आत जातं आणि क्रम चढतो. बाणाच्या रूपात ही सोय नाही, ते कायम प्रतच घेतं. नुसती एकूण संख्या हवी असेल तर हा खटाटोप करूच नये. प्रेग_रिप्लेस_कॉलबॅकचा पाचवा पॅरामीटर बदलींची संख्या भरून परत देतो. पायथनात आतून वाढवायला ‘नॉनलोकल’ लिहावं लागतं, आणि संख्येसाठी ‘सबएन’ आहे.

मराठी मजकुरावर हे चालवताना एक सापळा खास आपल्यासाठी लावून ठेवल्यासारखा आहे. अंकांसाठीचा ‘बॅकस्लॅश डी’ पायथनात देवनागरी अंकांनाही जुळतो, आणि फ्लोट ‘३’चा नीट तीन करतो. पीएचपीत ‘यू’ मॉडिफायर (मजकूर यूनिकोड म्हणून वाचायला लावणारा) लावला की तोही देवनागरी अंकांना जुळतो, पण इंटव्हॅल किंवा फ्लोटव्हॅल त्याच ‘३’चं शून्य करतं. पॅटर्न बरोबर, कॉलबॅक बरोबर, पट बरोबर, आणि टिपणात ‘० वाट्या तांदूळ’. म्हणून कॉलबॅकच्या पहिल्याच ओळीत देवनागरी अंक बदलून घ्यावेत, तेही एसटीआरटीआरला जोड्यांचा ॲरे देऊन. त्याचं तीन स्ट्रिंगवालं रूप बाइट मोजतं, आणि देवनागरीचा एकेक अंक यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत) तीन बाइटांचा असतो, त्यामुळे निव्वळ कचरा निघतो. जावास्क्रिप्टचा ‘बॅकस्लॅश डी’ देवनागरी अंकांना ओळखतच नाही, तिथे ‘०-९’ अशी आपल्या अंकांची कक्षाच लिहावी.

दुसरा सापळा शब्दसीमेचा. ‘१ वाटीभर’मधल्या ‘वाटी’ला हात लागू नये म्हणून एककापुढे ‘बॅकस्लॅश बी’ ठेवावासा वाटतो. पायथनात तो ठेवला की ‘१ वाटी’ जुळणंच बंद होतं. शेवटची वेलांटी ही पायथनच्या रेगेक्सच्या लेखी शब्दातलं अक्षर नाही, त्यापुढची मोकळी जागाही नाही, मग सीमा येणार कुठून? (त्याच पायथनला व्हेरिएबलच्या नावातली वेलांटी मात्र चालते.) पीएचपीत आणि जावास्क्रिप्टात ‘पुढे अक्षर किंवा मात्रा नसावी’ असा निगेटिव्ह लुकअहेड यूनिकोडच्या एल आणि एम वर्गांनी लिहिता येतो. पायथनच्या आरईला हे वर्ग माहीत नाहीत, तिथे देवनागरीचा ०९०० ते ०९७एफ हा पट्टाच द्यावा.

बाकी भाषांबद्दल थोडक्यात. पर्लमध्ये बदलीच्या जागी कोडच लिहिता येतो, आजूबाजूची व्हेरिएबलं आपोआप दिसतात. तिथे बोलावलेल्या फंक्शनने ‘डॉलर एक’ची, म्हणजे पहिल्या ग्रुपची, किंमत पहिल्याच ओळीत स्वतःच्या व्हेरिएबलमध्ये उतरवावी, नाहीतर आत दुसरा रेगेक्स चालला की ती हातातल्या हातात बदलते. रुबीच्या जीसबला ब्लॉक द्या, ‘डॉलर एक’ मिळेल. वेगळं मेथड दिलं तर त्याच्या आत तो निल, म्हणजे रिकामा, असतो. जावात ९ व्या आवृत्तीपासून रिप्लेसऑलला लॅम्डा चालतो आणि बाहेरचं व्हेरिएबल पुन्हा बदललेलं असेल तर कंपायलरच नाही म्हणतो. मात्र तिथे कॉलबॅकचं उत्तरही पुन्हा तपासलं जातं: त्यात डॉलरचं चिन्ह असेल तर जावा त्याला ग्रुपचा क्रमांक समजतं. उत्तर क्वोटरिप्लेसमेंटमधून काढून द्यावं. पीएचपी, पायथन, जावास्क्रिप्टात फंक्शनचं उत्तर जसंच्या तसं चिकटतं.

क्लोजर नसलेल्या सीमध्ये हा प्रश्न सरळ कंसातच सोडवलेला दिसतो. जीलिब नावाच्या लायब्ररीतल्या जी_रेगेक्स_रिप्लेस_इव्हॅलला ‘युजर_डेटा’ नावाचा पॉइंटर देता येतो, आणि तो जसाच्या तसा प्रत्येक हाकेला कॉलबॅकच्या हाती येतो. यापेक्षा स्वच्छ रीत नाही. तिथे कॉलबॅकने ‘ट्रू’ परत दिलं तर बदलणं तिथेच थांबतं, चालू ठेवायला ‘फॉल्स’ द्यावं लागतं. पहिल्या जिन्नसानंतर टिपण जसंच्या तसं राहिलं तर आधी हे पाहावं. पीएचपीतही ॲरे_वॉकला असा जास्तीचा पॅरामीटर आहे, प्रेग_रिप्लेस_कॉलबॅकला का नाही याचं उत्तर एवढंच सुचतं की क्लोजर आल्यावर त्याची निकड उरली नाही.

आणि सगळं जुळवूनही पान कोरं आलं तर शिदोरीत हात घालू नका, मजकूर बघा. ‘यू’ मॉडिफायर असताना यूटीएफ-८ तुटलेलं असेल, म्हणजे कुणी सबस्टरने मजकूर अक्षराच्या मधोमध कापला असेल, तर प्रेग_रिप्लेस_कॉलबॅक कॉलबॅकला एकदाही हाक न मारता नल परत देतं, आणि नल छापला की काहीच दिसत नाही. पीएचपी ८ मध्ये प्रेग_लास्ट_एरर_एमएसजी विचारलं की कारण कळतं. कापायचंच असेल तर एमबी_सबस्टरने कापावं.